पोर्शेवेड्यांची बोली: नवख्यांसाठी पहिली ओळख

गाडीच्या पाठीवर ९११ लिहिलेलं असतं, पण तिच्याभोवती जमलेली मंडळी तिला कधी 'नाइन सिक्स्टी-फोर' म्हणतात, कधी 'नाइन नाइन्टी-थ्री'. मध्येच कुणी 'डकटेल' म्हणतं, कुणी 'मेत्सगर', कुणी 'तळलेलं अंडं'. पोर्शेच्या चाहत्यांत नव्यानं शिरलेला माणूस इथेच बावचळतो आणि गप्प बसतो. हा लेख त्याच्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक सांगून ठेवतो. ही नावं पाठ करायच्या भानगडीत पडू नका. यातलं जवळजवळ प्रत्येक नाव कुठल्यातरी अभियंत्याच्या निर्णयातून किंवा त्या निर्णयाच्या परिणामातून आलेलं आहे. कुठे वारा आवरायचा होता, कुठे अमेरिकेचा कायदा पाळायचा होता, कुठे पैसे वाचवायचे होते. ते कारण समजलं की नाव आपोआप लक्षात राहतं आणि गाडीही कळते. नुसतं नाव पाठ केलं, तर पहिल्याच उलटप्रश्नाला उत्तर सुचत नाही.

पायरी पहिली: उच्चार आणि आकडे

एकाच अक्षरात उरकलेलं 'पोर्श' चालत नाही. जर्मन माणूस शेवटच्या 'श'वर हलका स्वर सोडतो, साधारण 'पोर्शं' असा. मराठीत आपण 'पोर्शे' म्हणतो, ते खपतं. शेवटचा स्वर खाल्ला की मात्र जुने चाहते तिथल्या तिथे दुरुस्त करतात.

आता आकडे. कंपनी प्रत्येक प्रकल्पाला आतला एक क्रमांक देते, आणि गाडीवर लावायचं विक्रीचं नाव वेगळं असू शकतं. सगळा गोंधळ यातूनच होतो. पोर्शे हे नाव लावलेली पहिली गाडी ३५६. तिचा पहिला रोडस्टर जून १९४८ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्म्युंड गावात रस्त्यावर आला, आणि १९५० पासून उत्पादन स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागात सुरू झालं. तिची जागा घेणारी गाडी १९६३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात दाखवली गेली ती '९०१' या नावानं. मध्ये शून्य असलेली तीन आकडी नावं फ्रान्समध्ये पेजोच्या हक्काची होती. पेजोनं हरकत घेतली आणि १९६४ मध्ये शून्याच्या जागी एक आला. तोवर ८२ गाड्या ९०१ म्हणून बनून झाल्या होत्या, आणि आज त्यांतली एखादी सापडली की बातमी होते.

तेव्हापासून विक्रीचं नाव ९११ हेच आहे, आतली गाडी मात्र पुन्हा पुन्हा नवी होत गेली. म्हणून चाहते पिढीच्या नावानं बोलतात. ही एवढी यादी मात्र खरोखर लक्षात ठेवावी लागते:

मूळ ९११: १९६४ ते १९७३
जी-मालिका: १९७३ ते १९८९
९६४: १९८९ ते १९९४
९९३: १९९४ ते १९९८
९९६: १९९७ ते २००५
९९७: २००४ ते २०१२
९९१: २०११ ते २०१९
९९२: २०१९ पासून पुढे

वर्षं एकमेकांवर चढलेली दिसतात, कारण नवी पिढी आली तरी जुनीचे काही प्रकार थोडा काळ बनत राहतात. पिढीच्या मध्यावर मोठा बदल झाला की 'पॉइंट टू' लागतं. '९९७.१' म्हणजे २००८ च्या बदलाआधीची, '९९७.२' म्हणजे नंतरची, आणि या दोघींच्या इंजिनांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. खुद्द जर्मनीत ९११ ला 'नॉयन-एल्फर' किंवा लाडानं नुसतं 'एल्फर' म्हणतात.

तीन ठिकाणी नवखा हमखास फसतो. 'कॅरेरा' हे एकेकाळी अगदी खास गाडीचं नाव होतं. मेक्सिकोतल्या कॅरेरा पानामेरिकाना शर्यतीवरून ते आलं आणि १९५५ पासून ३५६ मधल्या चार कॅमशाफ्टच्या, अर्न्स्ट फुअरमान यांनी घडवलेल्या इंजिनाच्या गाडीला लागलं. आज मात्र ९११ चा सर्वांत साधा प्रकार म्हणजे कॅरेरा. दुसरं, 'टर्बो'. २०१५ पासून कॅरेराच्या इंजिनालाही टर्बो आहेच, तरी 'नाइन-इलेव्हन टर्बो' म्हटलं की वरच्या दर्जाचा एक ठरावीक प्रकारच समजायचा. तिसरं, ७१८. साठच्या दशकाच्या आसपासची शर्यतीची गाडी ७१८ आणि २०१६ नंतरच्या बॉक्स्टर-केमनही ७१८. बोलणारा कुठल्या काळाबद्दल बोलतोय ते आधी विचारून घ्या.

पायरी दुसरी: पिढी डोळ्यांनी ओळखायला शिका

पहिली नजर पुढच्या बंपरवर टाका. सत्तरच्या दशकात अमेरिकेनं नियम केला की ताशी पाच मैलांच्या धडकेत गाडीचं नुकसान होता कामा नये. १९७४ च्या मॉडेलपासून पोर्शेनं जाड बंपर बसवले आणि त्यांच्या कडेला काळ्या रबराचे घडीचे भाते लावले. हे भाते दिसले की ती 'इम्पॅक्ट बंपर' गाडी. बंपर वर आला तसं पुढचं झाकण आखूड करावं लागलं. त्यामुळे १९७३ पर्यंतच्या गाड्या 'लाँग हूड' आणि त्यानंतरच्या 'शॉर्ट हूड'. एका परदेशी कायद्यानं ९११ च्या इतिहासाची अशी दोन भागांत वाटणी केली. बाजारात आजही पहिल्या भागाला वेगळा भाव आहे.

लाँग हूडमध्येही दोन पोटभेद आहेत, 'शॉर्ट व्हीलबेस' आणि 'लाँग व्हीलबेस'. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांतलं अंतर. ९११ चं इंजिन मागच्या आसाच्याही मागे लटकतं. कॅरिअरवर जड पोतं बांधलेली सायकल वळणावर मागून कशी ढकलते, ते ज्यांनी अनुभवलंय त्यांना पुढचं सांगायला नको. वळणात घाबरून ॲक्सिलरेटर सोडला की शेपूट बाहेर जातं. चाहते याला 'लिफ्ट-ऑफ ओव्हरस्टिअर' म्हणतात. सुरुवातीला कंपनीनं पुढच्या बंपरच्या दोन टोकांत बिडाची वजनं दडवून तोल साधायचा प्रयत्न केला. खरा उपाय १९६९ च्या मॉडेलमध्ये आला: मागची चाकं ५७ मिलिमीटर मागे सरकवली, व्हीलबेस २२११ वरून २२६८ मिलिमीटर झाला. एवढ्याशा अंतरानं गाडीचा स्वभाव बदलला. नुसत्या नजरेनं हा फरक चटकन कळत नाही, तेव्हा मॉडेल वर्ष विचारा.

वर्षनिहाय अक्षरंही कानावर पडतील: १९६८ चं 'ए', १९६९ चं 'बी', असं करत १९७३ चं 'एफ' आणि १९७४ चं 'जी'. जी-मालिका हे नाव इथूनच आलं. यातलं १९७२ चं 'ई' मॉडेल माझं फार लाडकं. त्याच्या उजव्या बाजूला, दाराच्या मागे, एक छोटंसं झाकण असतं. जर्मन चाहते त्याला 'अ‍ॅलक्लापं' म्हणतात, म्हणजे तेलाचं झाकण. तोल सुधारावा म्हणून इंजिन ऑइलची टाकी त्या वर्षी मागच्या चाकाच्या पुढे आणली, आणि तेल भरायचं तोंड बाहेरच्या पत्र्यावर आलं. पेट्रोल पंपावरच्या माणसांनी साहजिकच त्यात पेट्रोल ओतायला सुरुवात केली! १९७३ च्या मॉडेलला टाकी परत मूळ जागी गेली. त्यामुळे हे झाकण दिसलं की वर्ष विचारायचीही गरज नाही.

९६४ लांबून जुन्या ९११ सारखीच दिसते, पण बंपर गुळगुळीत असतात आणि ताशी सुमारे ८० किलोमीटरला मागचा पंख आपोआप वर येतो. ९९३ मध्ये दिवे मागे कलले, मागचे खांदे भरदार झाले. हवेवर थंड होणाऱ्या इंजिनाची ही शेवटची ९११, आणि तिच्याबद्दल बोलताना लोकांचा आवाज बदलतो तो त्यासाठीच.

मग येते ९९६, म्हणजेच 'फ्राइड एग', जर्मनीत 'श्पीगेलआय'. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला कंपनी आर्थिक अडचणीत होती. म्हणून पहिली बॉक्स्टर, म्हणजे ९८६, आणि ९९६ एकत्रच घडवल्या गेल्या. दोघींचे दरवाजे, पुढचा भाग आणि दिवे सामाईक ठेवले. मुख्य दिवा, इंडिकेटर आणि फॉग लॅम्प एकाच काचेखाली आले. खालचा इंडिकेटर नारिंगी होता, आणि तव्यावर पसरलेल्या अंड्याचं बलक लोकांना तिथे दिसलं. गोल दिव्यांवर जीव लावलेल्या चाहत्यांना ते सोसलं नाही. २००० च्या ९९६ टर्बोला वेगळे दिवे मिळाले आणि २००२ च्या मॉडेलपासून साध्या कॅरेरालाही. माझं स्पष्ट मत असं की ९९६ ची इतकी टिंगल अन्यायाची आहे. याच काटकसरीच्या जोडीनं कंपनी तगवली, नाहीतर पुढची एकही ९११ झाली नसती. नव्या पिढीतले काहीजण आता मुद्दाम नारिंगी बलकवाले दिवेच शोधतात, आणि मला त्यांचं कौतुक वाटतं.

पायरी तिसरी: शेपटी वाचा

९११ च्या मागच्या पंखाला चाहते शेपटीच म्हणतात. तीन शेपट्या ओळखता आल्या तर निम्मं काम झालं.

पहिली 'डकटेल', जर्मनमध्ये 'एन्टनब्युर्त्सल', म्हणजे बदकाची शेपटी. १९७३ च्या मॉडेलची कॅरेरा आरएस २.७ ही तिची मूळ मालकीण. ९११ ची पाठ इतकी उतरती आहे की वेगात वारा मागचा भाग वर उचलतो, आणि चाकांची पकड सुटते. टिलमान ब्रॉडबेक या तरुण अभियंत्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी यावर उपाय म्हणून इंजिनच्या झाकणालाच वर वळलेली छोटी कड दिली. कधी खरी डकटेल बघायला मिळाली तर बाजूनं, खाली वाकून बघा. ती वरून चिकटवलेल्या पंखासारखी दिसत नाही. झाकणाचा उतार सरळ खाली येतो आणि टोकाला एकदम वर वळतो, काचेखालच्या जाळीपासून कडेपर्यंत एकच सलग रेषा. नकली बसवलेल्यांत ही रेषा बऱ्याचदा तुटलेली दिसते, झाकण आणि पत्रा यांच्यातली फट दोन्ही बाजूंना सारखी नसते.

शर्यतीच्या नियमांसाठी अशा ५०० गाड्या विकणं भाग होतं. हलका पत्रा, आतली साजसज्जा काढून टाकलेली, २१० अश्वशक्ती. इतकी कडक गाडी कोण घेणार, अशी विक्री विभागाला शंका होती. शेवटी १५८० बनल्या. इथे दोन संकेतांक ऐकू येतील: 'एम ४७१' म्हणजे हलका स्पोर्ट प्रकार आणि 'एम ४७२' म्हणजे आरामदायी टूरिंग. 'आरएस'चा पूर्ण शब्द 'रेनश्पोर्ट', म्हणजे शर्यत.

दुसरी 'व्हेल टेल'. ऑक्टोबर १९७४ मध्ये पॅरिसला ९११ टर्बो आली, आतला क्रमांक ९३०, तीन लिटर, २६० अश्वशक्ती. तिचा रुंद, सपाट, रबरी कडेचा पंख देवमाशाच्या शेपटीसारखा दिसला. तिसरी 'टी ट्रे'. १९७८ च्या मॉडेलला इंजिन ३.३ लिटर झालं, ताकद ३०० अश्वशक्तीवर गेली, आणि पंखाखाली इंटरकूलर, म्हणजे टर्बोनं दाबलेली हवा थंड करणारा भाग, बसवावा लागला. त्याला जागा द्यायला पंख उंच झाला, कडा वर उभ्या राहिल्या, म्हणून चहाचा ट्रे. कुणी ३.३ टर्बोला व्हेल टेल म्हटलं तर वाद घालू नका, बरेच अनुभवी लोकही दोन्ही शब्द सैलपणे वापरतात.

याच ९३० ला 'विडोमेकर' हे भयंकर नाव पडलं. कारण सरळ यांत्रिक आहे. त्या काळच्या मोठ्या टर्बोला फिरायला वेळ लागायचा. चालक वळणात ॲक्सिलरेटर दाबतो, क्षणभर काहीच होत नाही, आणि मग सगळी ताकद एकदम मागच्या चाकांवर येते. दचकून पाय उचलला की वजन पुढे जातं आणि जड शेपूट बाहेर. त्यात गिअर चारच. पाचवा मिळाला तो फक्त शेवटच्या, १९८९ च्या मॉडेलला. पुढे ९११ जीटी२ लाही हेच नाव चिकटलं. लोक खरंच या गाड्यांत गेलेले आहेत, तेव्हा हा शब्द मिरवायला वापरू नये, असं मला मनापासून वाटतं.

सपाट नाक असलेल्या गाडीलाही नाव आहे: 'फ्लाखबाउ' किंवा 'स्लँटनोज'. ९३५ या शर्यतीच्या गाडीसारखं उतरतं नाक श्रीमंत गिऱ्हाइकांनी रस्त्यावरच्या टर्बोला करून घेतलं, तो हा प्रकार.

पायरी चौथी: इंजिनाची भाषा

सगळ्यांत मोठी दरी 'एअर-कूल्ड' आणि 'वॉटर-कूल्ड' यांच्यात आहे. १९९८ मध्ये ९९३ बंद झाली तिथे ती रेषा. दोन्ही बाजूंचे लोक कट्टर आहेत, आणि नवख्यानं पहिल्याच दिवशी बाजू घ्यायची गरज नाही.

एअर-कूल्डमध्ये दोन शब्द खिशाला कात्री लावणारे आहेत. 'मॅग केस' म्हणजे मॅग्नेशियमचा क्रँककेस, इंजिनाचं मुख्य कवच. १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर गाड्यांत, विशेषतः अमेरिकेतल्या प्रदूषण नियमांसाठी एक्झॉस्टला थर्मल रिॲक्टर लावलेल्यांत, उष्णता इतकी वाढायची की सिलिंडर हेडचे स्टड मऊ धातूतून उपसून यायचे. दुसरा, 'पॉप-ऑफ व्हॉल्व्ह'. १९७३ ते १९८३ दरम्यानच्या सीआयएस इंधनप्रणालीच्या गाड्यांत थंड इंजिन सुरू करताना कधी कधी उलटा भडका उडतो आणि प्लॅस्टिकचा एअरबॉक्स फुटतो. या छोट्या झडपेतून तो दाब बाहेर पडतो. विक्रेत्यानं 'पॉप-ऑफ बसवलेला आहे' म्हटलं तर ते शहाणपणाचं लक्षण समजा.

वॉटर-कूल्डमध्ये तीन अक्षरं सतत ऐकू येतील: आयएमएस. हा इंजिनातल्या इंटरमीडिएट शाफ्टचा बेअरिंग. ९८६ बॉक्स्टर, ९९६ आणि ९९७.१ यांच्या साध्या प्रकारांत तो निकामी झाला तर कॅमशाफ्टची वेळ बिघडते आणि अख्खं इंजिन जातं. म्हणून 'आयएमएस केलंय का?' हा प्रश्न खरेदीत पहिला. ९९७.२ पासूनच्या नव्या इंजिनात तो शाफ्टच नाही, प्रश्नच मिटला.

आणि 'मेत्सगर'. हान्स मेत्सगर, जन्म १९२९, निधन २०२०. मूळ ९११ चं इंजिन घडवण्यात त्यांचा मोठा वाटा, ले मां ही फ्रान्समधली चोवीस तासांची शर्यत जिंकणाऱ्या ९१७ चं बारा सिलिंडरचं इंजिन त्यांचं, आणि मॅक्लारेननं १९८४ ते १९८६ सलग तीन वर्षं ज्या टॅग इंजिनावर फॉर्म्युला वनचं चालकांचं अजिंक्यपद मिळवलं, तेही त्यांच्या देखरेखीखालचं. ९९६ टर्बो, जीटी२ आणि जीटी३ मध्ये साध्या ९९६ चं इंजिन नव्हतं. शर्यतीच्या जीटी१ शी नातं सांगणारा वेगळा क्रँककेस होता. तेच 'मेत्सगर इंजिन', आणि त्याला वरचा आयएमएसचा आजार नाही. टर्बोमध्ये ते ९९७.१ पर्यंत राहिलं, जीटी३ मध्ये ९९७ संपेपर्यंत. एखाद्या अभियंत्याचं आडनाव जाहिरातीत किंमत वाढवतं, ही गोष्ट मला या सगळ्या बोलीत सर्वांत जास्त आवडते.

गिअरबॉक्सचं थोडक्यात: '९१५' हा १९७२ ते १९८६ चा, सावकाश आणि मन लावून टाकायचा, 'जी५०' हा १९८७ च्या मॉडेलपासूनचा, मजबूत, हायड्रॉलिक क्लचचा. 'पीडीके' म्हणजे दुहेरी क्लचचा स्वयंचलित, ऐंशीच्या दशकात शर्यतीत तावूनसुलाखून २००८ मध्ये ९११ ला मिळालेला.

पायरी पाचवी: चाकं

पाच पाकळ्यांचं काळं-चंदेरी चाक म्हणजे 'फुक्स', ओटो फुक्स कंपनीनं घडवलेलं फोर्ज्ड ॲल्युमिनियम, १९६७ च्या ९११ एस पासूनचं. खोल बशीचं सहा इंची फुक्स म्हणजे 'डीप सिक्स'. भोकाभोकांचं जुन्या फोनच्या डायलसारखं ते 'फोन डायल', बहुतेक ९४४ आणि ९२८ वर. 'कुकी कटर' हे एटीएसचं ओतीव चाक. इतकं पुरे.

पायरी सहावी: ९११ नसलेल्या बहिणी

३५६ ला 'बाथटब', कारण उलटा टाकलेला टबच. ९१४ ही फोक्सवागनबरोबर काढलेली, म्हणून 'फोक्सपोर्शे'. ९२४, ९४४, ९६८ आणि ९२८ यांना मिळून 'ट्रान्सॲक्सल' म्हणतात: इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागे, त्यामुळे वजनाची वाटणी छान. ९२८ ला 'शार्क' म्हणतात. व्ही-८ इंजिनची ही गाडी १९७८ ची युरोपियन कार ऑफ द इयर ठरली, आणि हा मान मिळवणारी ती एकमेव खरी स्पोर्ट्स कार. या गाड्यांना 'गरिबाची पोर्शे' म्हणणारे भेटतील. तो शब्द उचलू नका. ९४४ वळणात चालवून बघितलेला माणूस तो वापरत नाही.

पायरी सातवी: शर्यतीतली टोपणनावं

इथे जर्मन लोकांचा मिस्कीलपणा दिसतो. १९७१ च्या ले मांला ९१७/२० नावाची रुंद, गोलमटोल गाडी उतरली. तिला गुलाबी रंग दिला आणि खाटकाच्या दुकानातल्या तक्त्यासारख्या तुटक रेषा काढून प्रत्येक भागावर मांसाच्या तुकड्याचं नाव लिहिलं. 'पिंक पिग', जर्मनमध्ये 'डी झाउ', डुकरीण. राइनहोल्ड योस्ट आणि विली काउझन ती चालवत होते. अपघातामुळे शर्यत अर्ध्यावर सुटली. पण २०१८ मध्ये तोच गुलाबी रंग घेऊन ९११ आरएसआर ले मांला उतरली आणि आपल्या गटात जिंकली. सत्तेचाळीस वर्षांनी!

'मोबी डिक' म्हणजे १९७८ ची ९३५/७८. पांढरी, लांबलचक, मागे भलीमोठी शेपटी. ले मांच्या सरळ रस्त्यावर तिनं ताशी ३६६ किलोमीटर गाठले, पण शेवटी आठवीच आली. तिच्या आदल्या वर्षीची दोन लिटरच्या गटासाठी बनवलेली छोटी ९३५ म्हणजे 'बेबी'. १९६१ ते १९६४ अशी चार वर्षं न थकता धावलेली ७१८ डब्ल्यू-आरएस ही 'ग्रोसमुटर', आजी. शर्यतीच्या गाडीचं आयुष्य एखाद-दोन हंगामांचं असायचं त्या काळात हे वय खरंच आजीचं होतं.

'यलोबर्ड' हे नाव ऐकलं तर एक लक्षात ठेवा: ती पोर्शेची नाही, पफाफनहाउझेनच्या रूफ कंपनीची १९८७ ची पिवळी सीटीआर. ९११ च्या सांगाड्यावर बांधलेली, पण रूफ हा जर्मनीत स्वतंत्र वाहन उत्पादक मानला जातो.

पायरी आठवी: एक जाहिरात उलगडून बघा

आता सराव. समजा एवढीच ओळ समोर आली: '८७ ची ३.२ कॅरेरा, जी५०, एम ४९१, फुक्स, नंबर्स मॅचिंग, टॉप एंड झालंय, ड्रायव्हर, पीपीआयला हरकत नाही.'

३.२ कॅरेरा म्हणजे जी-मालिकेची १९८४ ते १९८९ ची गाडी. भात्याचे बंपर असणार. ८७ आणि जी५० जुळतात. जाहिरातीत ८६ आणि जी५० असं असतं तर थांबून विचारायला हवं होतं. 'एम ४९१' म्हणजे 'टर्बो लुक': रुंद अंग, ब्रेक आणि सस्पेन्शन टर्बोचं, इंजिन मात्र साधं. हा कारखान्यातला पर्यायी संकेतांक आहे, म्हणून तो पुढच्या झाकणाखालच्या पर्यायांच्या स्टिकरवर आहे का ते बघायचं. नंतर गॅरेजमध्ये रुंद केलेल्या गाड्या पुष्कळ आहेत आणि त्यांची किंमत वेगळी. 'नंबर्स मॅचिंग' म्हणजे क्रँककेसवर ठोकलेला क्रमांक कंपनीच्या नोंदीतल्याशी जुळतो. विक्रेत्याच्या शब्दावर जाऊ नका, फोटो मागा.

'टॉप एंड' म्हणजे हेड उघडून व्हॉल्व्ह आणि त्यांचे गाइड केलेले, ३.२ मध्ये गाइड लवकर झिजतात, म्हणून बिल मागा. 'ड्रायव्हर' म्हणजे प्रदर्शनातली नव्हे, रोज वापरायची गाडी. रंगावर ओरखडे असतील, त्यात लाज नाही. 'पीपीआय' म्हणजे खरेदीआधी तटस्थ मेकॅनिककडून तपासणी: कॉम्प्रेशन, लीक-डाउन, खालचा पत्रा. १९७६ च्या मॉडेलपासून ९११ चा सांगाडा जस्ताचा मुलामा देऊन येतो, त्यामुळे ८७ च्या गाडीत भरपूर गंज दिसला तर आधी अपघाताची शंका घ्या.

'बॅकडेट' हा शब्द असेल तर मात्र वेगळा विचार. अशी गाडी खरी ९६४ किंवा ३.२ असते, वरून लाँग हूडचं रूप दिलेलं. 'आउटलॉ' म्हणजे मूळपणाची फिकीर न करता मालकाच्या आवडीनं बदललेली. दोन्ही प्रकार मनापासून केलेले असतील तर सुंदर असतात, फक्त मूळ गाडीच्या भावात घेऊ नयेत.

पायरी नववी: जिथे सराव होतो तिथे जा

स्टुटगार्ट आणि मुंबई १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, आणि नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेली मराठी मंडळीही कमी नाहीत. कुणाकडे जाणं झालं तर एक दिवस त्सुफेनहाउझेनसाठी राखून ठेवा. मुख्य स्थानकावरून एस-६ लोकल पकडा आणि नॉयविर्टसहाउस स्थानकावर उतरा. २००९ मध्ये उघडलेलं पोर्शे संग्रहालय समोरच आहे. आत गाड्या बदलत असतात, त्यामुळे ठरावीक गाडीची आशा धरून जाऊ नका. माहितीची पाटी वाचण्याआधी बंपर, शेपटी, दिवे, चाकं या क्रमानं स्वतः पिढी ठरवा आणि मगच पाटी बघा. चुकलात तर त्याच गाडीभोवती आणखी एक फेरी मारा आणि आपल्याला काय दिसलं नव्हतं ते शोधा. दोन तास हाताशी ठेवा. सोमवारी संग्रहालय बंद असतं.